तिसऱ्यांदा बदललेलं क्रँक सील परत गळतंय? आधी हे बघा

"मागनं तेल गळायलंय बगा, सील बदललं तरी." बेळगावात खानापूर रोडला माझं गॅरेज आहे आणि हे वाक्य मी महिन्यातून चार-पाचदा तरी ऐकतो. गाडी जांबोटीची असो, निपाणीची असो, केए-२२ असो की एमएच-०९. तेलाला सीमाप्रश्न माहीत नाही, ते सगळीकडे खालीच पडतं. यातल्या निम्म्याहून जास्त गाड्यांत सीलचा काही दोष नसतो. सील बिचारं मार खातं, मारणारा दुसराच असतो. तो सापडेपर्यंत कितीही भारी सील बसवा, पंधरा दिवसांत डाग परत दिसणारच.

लक्षणं

क्रँकशाफ्ट म्हणजे पिस्टन फिरवतात तो इंजिनातला मुख्य दांडा. त्याला तेल अडवणारी दोन सीलं असतात, रबरी कड्यांसारखी. एक पुढं पुलीकडे, दुसरं मागं फ्लायव्हीलकडे. कुठलं गळतंय ते खुणांवरून बरंचसं कळतं.

मागचं गळत असेल तर सकाळी गाडी काढल्यावर फरशीवर जो डाग दिसतो तो इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली असतो. हेच तेल क्लचप्लेटवर गेलं तर चोर्ल्याच्या चढाला इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, आणि जळका वास येतो. पुढचं गळत असेल तर पुलीच्या मागं गोल शिंतोडे उडालेले दिसतात, बेल्ट ओला होतो, सकाळी चालू करताना किंचाळतो.

ही झाली सीलची लक्षणं. पुढची दोन मात्र सीलची नाहीत, आणि लोक हीच दुर्लक्षित करतात. गाडी तापल्यावर सिग्नलला थांबलात की ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो आणि ॲक्सिलरेटर दिला की विझतो. किंवा चढाला, ओझं असताना, इंजिनाच्या पोटातून 'धब धब' असा जड, दबका आवाज येतो. टॅपेटचा आवाज वरून येतो आणि बारीक टिकटिक असतो. हा खालून येतो, दार बंद असताना कुणी आतून मुठीनं ठोकावं तसा. ही लक्षणं असतील तर मधलं सगळं सोडा आणि 'इथं थांबा' हा भाग आधी वाचा.

ते तेल इंजिनाचंच आहे का?

हसू नका. एसीचं पाणी बघून घाबरून आलेले लोक मी पाहिलेत. गाडीखाली रात्रभर एक कोरा पुठ्ठा घाला. सकाळी डागाला बोट लावून वास घ्या. इंजिन ऑइल काळं-तपकिरी असतं आणि वास जळका. गिअर ऑइल दाट असतं, गंधकासारखा उग्र वास मारतं, आणि तो हातावरून साबणानंही लवकर जात नाही. पातळ, नितळ आणि बोटाला निसरडं लागलं तर ते क्लचचं किंवा ब्रेकचं ऑइल असू शकतं. हे का बघायचं? बेल हाऊसिंग म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावरचं क्लचचं घर, त्याच्या भोकातून इंजिनाचं, गिअरचं आणि क्लचचं अशी तिन्ही तेलं बाहेर येऊ शकतात. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गेलेलं असताना क्रँकचं सील बदलून दिल्याची उदाहरणं कमी नाहीत. गिऱ्हाइकाचे पैसे गेले आणि डाग तिथंच.

डिपस्टिक

सपाट जागा, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. काडी पुसून परत घाला, मग बघा. कमी असेल तर भराच, पण मी खरं तर जास्त आहे का ते बघतो. बऱ्याच कारमध्ये किमान आणि कमाल खुणेतलं अंतर साधारण एका लिटरचं असतं. 'आता डबा उघडलाच आहे तर सगळा ओता' म्हणून अर्धा लिटर जादा गेलं की क्रँकची वजनं फिरताना तेलात आपटतात, तेल फेसाळतं, सीलच्या तोंडाशी सतत तेल उडत राहतं. जादा तेल काढून टाकल्यावर गळती थांबली, अशा गाड्या वर्षातून दोन-तीन तरी येतात. खर्च शून्य.

ब्रीदर: इथं सगळ्यात जास्त वेळ घालवा

पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली चेंबरमध्ये, म्हणजे क्रँक आणि तेल असतं त्या भागात, जातोच. नव्या इंजिनातही जातो. तो बाहेर काढायला ब्रीदरची नळी असते, पेट्रोल गाडीत बहुधा पीसीव्ही वाल्व्ह असतो, म्हणजे हा गॅस परत इंजिनात सोडणारी झडप. ही वाट बुजली की गॅस दुसरी वाट शोधतो, आणि सगळ्यात मऊ वाट म्हणजे सीलचं ओठ, क्रँकवर टेकलेली त्याची रबरी कडा.

हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. जांबोटीकडची एक जुनी डिझेल गाडी. मागचं सील दुसरीकडे एकदा बदललेलं, मग मी बदललं. चांगलं सील, नीट बसवलेलं, माझी खात्री. वीस दिवसांत गाडी परत दारात. मालक काही बोलले नाहीत, नुसते पुठ्ठा घेऊन आले होते. त्या पुठ्ठ्यावरचा बशीएवढा डाग अजून डोळ्यासमोर आहे. गिअरबॉक्स परत उतरवायच्या आधी म्हटलं ब्रीदरची नळी काढून फुंकर मारून बघावी. फुंकर जाईना. तार घातली तर आतून लाल मातीचा घट्ट गोळा निघाला, आणि त्यात वाळलेल्या अळ्या. गाडी चार महिने आंब्याखाली उभी होती. खाली उघड्या तोंडाच्या त्या नळीत कुंभारीण माशीनं घर केलं होतं. नळी साफ केली, तेच सील ठेवलं, गळती बंद. मी घेतलेली मजुरी परत दिली, दुसरं काय करणार.

तपासायची पद्धत सोपी आहे. गाडी चालू ठेवा, न्यूट्रल आणि हँडब्रेक. तेल भरायचं झाकण काढा आणि त्या तोंडावर पातळ रबरी हातमोजा ताणून धरा. पेट्रोल गाडीत मोजा किंचित आत ओढला गेला तर ठीक. डिझेलमध्ये हलकी धडधड चालते. पण मोजा फुग्यासारखा टम्म फुगला, किंवा झाकण उघडताच धूर भसाभस वर आला, तर आत दाब साठतोय. आता ब्रीदरची नळी आणि पीसीव्ही वाल्व्ह काढून पेट्रोलनं धुवा. वाल्व्ह कानाशी हलवला की आत खडखड वाजायला पाहिजे. वाजला नाही तर बदला, काही शे रुपयांचं काम आहे.

नळी स्वच्छ, वाल्व्ह नवा, तरी मोजा फुगतोच? मग पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर, म्हणजे पिस्टन फिरतो ते नळकांडं, झिजलेत. याला आम्ही 'इंजिन बॅक कंप्रेशन मारतंय' म्हणतो. अशा इंजिनाला नवं सील घालणं म्हणजे गळक्या घागरीला रंग देणं.

वरून खाली शोधा

तेल खाली पडतं आणि गाडी पळताना वाऱ्यानं मागं सरकतं. म्हणून टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या सगळ्यात वरच्या झाकणाचं, पॅकिंग गळत असलं तरी थेंब येतो तो इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडाखालीच, मागच्या सीलसारखा. ऑइल प्रेशरचा स्विच, ऑइल फिल्टरचं रबर, कॅमशाफ्टचं सील, ड्रेन बोल्टचं वॉशर, सगळे हेच सोंग घेतात.

इंजिन गार असताना डिझेलनं किंवा डिग्रीझरनं धुवा, कोरडं पुसा. अल्टरनेटरवर आणि वायरिंगच्या जोडांवर आधी प्लास्टिक बांधा, प्रेशरचं पाणी तिथं मारू नका. मग संशयाच्या जागी साधी टाल्कम पावडर भुरभुरा. वंटमुरीच्या घाटापर्यंत एक फेरी मारून या आणि बॅटरीच्या उजेडात बघा. पांढऱ्या पावडरीवर तेलाची रेघ स्पष्ट उमटते, आणि तिचं वरचं टोक म्हणजे गळतीचं मूळ. पॅकिंगवर दहा मिनिटांत भागलं असतं तिथं लोक गिअरबॉक्स उतरवतात, म्हणून ही पावडर.

पुली हलते का?

हे फुकटात होतं आणि मिस्त्री लोकही विसरतात. इंजिन बंद, चावी काढलेली, गाडी गिअरमध्ये नाही, चाकांना दगड. एकानं क्लच पूर्ण दाबायचा, सोडायचा. दुसऱ्यानं क्रँकच्या पुलीकडे बघायचं. क्लच दाबताना पुली पुढं सरकताना डोळ्याला दिसली तर क्रँकला मागं-पुढं सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर गेलेत. क्रँकची मागं-पुढं हालचाल बहुतेक इंजिनांत ०.१ ते ०.३ मिलिमीटरच्या आत असते, नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकात बघावा. म्हणजे जे डोळ्यानं सहज दिसतं ते आधीच जास्त आहे. नक्की मोजायला डायल गेज लागतो.

हे सीलशी कसं जोडलंय? सीलचं ओठ क्रँकवर एका बारीक रेघेत टेकलेलं असतं. क्रँक प्रत्येक क्लचला पुढं-मागं नाचायला लागला की ते ओठ घासून जातं, स्प्रिंग ढिली होते. चोर्ला किंवा आंबोली घाटात रांगेत हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणारे, आणि क्लचवर सदा पाय टेकवून चालवणारे, यांच्या गाड्यांत मला हे जास्त सापडतं. क्लचचा सगळा दाब शेवटी त्याच वॉशरवर येतो.

इंजिन चालू असताना हात, बाही, उपरणं पुलीजवळ न्यायचं नाही. बघायचं फक्त बंद इंजिनावर.

इथं थांबा

खालच्यापैकी काही असेल तर गाडी आहे तिथं बंद करा. ओढत आणा, चालवत नको.

ऑइलचा लाल दिवा चालू गाडीत पेटून राहिला. तो दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, दाब किती आहे ते सांगतो. डिपस्टिकवर तेल पूर्ण असताना तो पेटला तर ते जास्त वाईट. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधली जागा साधारण ०.०२ ते ०.०६ मिलिमीटर असते, आपला केस साधारण ०.०७. त्या फटीत तेलाचा पडदा उभा असतो आणि अख्खा क्रँक त्याच्यावर तरंगतो. दाब गेला की लोखंड बेअरिंगवर थेट टेकतं. 'संकेश्वर दहा किलोमीटरच राहिलंय' म्हणून रेटलेल्या गाडीचा क्रँक मी पाहिलाय, निळा पडलेला. तो परत वापरता आला नाही.

पोटातून येणारा जड धब धब आवाज. हाही तसाच.

ऑइल काढल्यावर त्यात चमचम. जुना फिल्टर कापून कागद उलगडा, उन्हात धरा. लोहचुंबकाला चिकटलं तर लोखंड. चिकटत नाही पण चंदेरी किंवा तांब्याच्या रंगाचं चमकतं, तर तो बहुधा बेअरिंगचा थर निघालाय. घरचा चुंबक फिरवून 'काही नाही' म्हणून समाधान मानू नका, बेअरिंगचा धातू चुंबकाला लागतच नाही.

टायमिंग बेल्टवर तेल. पुढच्या सीलचं किंवा कॅमच्या सीलचं तेल रबरी टायमिंग बेल्टवर गेलं तर बेल्ट फुगतो, दात सुटतात. बेल्ट तुटला की बऱ्याच इंजिनांत वाल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. चेन असलेल्या इंजिनात ही भीती नाही.

दिव्याचा संशय असेल तर गॅरेजवाल्याला एकच सांगा: स्विच काढून तिथं मेकॅनिकल प्रेशर गेज लावा आणि इंजिन पूर्ण तापवून मोजा. ढोबळ हिशेब असा की मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागं दहा पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच दाबाचं माप) मिळावं. गार इंजिनावर मोजलेला दाब खोटा असतो, तेल दाट असल्यानं तो नेहमी चांगलाच दिसतो. याच कारणानं काही जण विकायच्या आधी गाडीत दाट ऑइल घालतात. जुनी गाडी घेताना ती तापलेली असताना आयडलवर दिवा बघा.

पुढचं सील घरी, मागचं गॅरेजात

पुली काढायचा अनुभव असेल आणि पुली धरायचं हत्यार असेल तर पुढचं सील घरी होतं, पण बोल्टचा टॉर्क पुस्तकातलाच द्यायचा. मागच्यासाठी गिअरबॉक्स खाली घ्यावी लागते. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली जायचं नाही, कधीच नाही. हे काम घरी करू नका. सील काही शे रुपयांचं आणि मजुरी काही हजारांची, म्हणून एकदा गिअरबॉक्स उतरली की क्लचप्लेट आणि रिलीज बेअरिंगचाही विचार त्याच वेळी करा. तेलात भिजलेली प्लेट धुऊन परत बसवणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

गिअरबॉक्स उतरल्यावर तुम्ही तिथं हजर राहा आणि तीन गोष्टी डोळ्यानं बघा.

पहिली, सील जिथं टेकतं तिथं क्रँकवर नख आडवं फिरवायला सांगा. नख अडकलं तर ओठानं खाच पाडली आहे. लोखंडाला रबर कसं खाच पाडतं असं विचारतात. रबर पाडत नाही, त्याच्याखाली अडकलेली धूळ पाडते. खानापूरची लाल माती तेलात मिसळली की ती पॉलिश पेपरचं काम करते. त्या खाचेवर नवं सील बसवलं की पहिल्या दिवसापासून पाझरणार. उपाय दोन: सील एक-दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवायचं म्हणजे ओठ ताज्या जागेवर येतं, पण आतलं तेलाचं भोक झाकलं जायला नको. नाहीतर क्रँकवर बारीक स्टीलची स्लीव्ह चढवायची. तिची जाडी जेमतेम पाव मिलिमीटर असते, त्यामुळे सील त्याच मापाचं चालतं. क्रँक पॉलिश करायचाच तर बारीक पेपर गोल फिरवायचा. तिरप्या रेघा पडल्या तर त्या स्क्रूसारख्या तेल बाहेर ढकलतात.

दुसरी, सीलची जात. साधं काळं नायट्राइल रबर गरमीत लवकर कडक होतं, व्हिटॉन जास्त टिकतं. स्प्रिंगवालं सील असेल तर स्प्रिंग तेलाच्या बाजूला आणि ओठाला तेल लावून बसवतात. पांढरट-तपकिरी टेफ्लॉनचं सील मात्र कोरडं बसवतात, तेलाचं बोटही लावायचं नाही, आणि बसवल्यावर लगेच इंजिन चालू न करता कंपनीनं सांगितलेला वेळ थांबायचं. सवयीनं सगळ्यांना तेल लावणारे मिस्त्री इथंच फसतात.

तिसरी, बसवायची पद्धत. हातोडीनं एका बाजूला ठोकलं की सील तिरकं जातं किंवा आतली स्प्रिंग उडते, आणि ती उडलेली बाहेरून दिसत नाही. बरोबर मापाचा पाइप किंवा जुन्या बेअरिंगची रेस लावून सरळ दाबायचं.

बाजारात बाटलीतून ओतायचं औषध मिळतं, गळती थांबवणारं. ते रबर फुगवतं. कडक झालेलं सील काही महिने धरतं, खाच किंवा हलणारा क्रँक असेल तर काहीच करत नाही. गाडी विकायची नसेल तर पैसे वाचवा.

क्रँकच झिजला असेल तर

आपल्याकडे एक सोय आहे. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीनशॉप इतकी आहेत की क्रँक ग्राइंडिंगला, म्हणजे झिजलेला क्रँक घासून एकसारखा करायला, लांब जावं लागत नाही. पण क्रँक देऊन 'करून टाका' म्हणू नका. जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, मायक्रोमीटरनं दोन दिशांनी आणि दोन्ही टोकांना मोजायला लावा, आकडे कागदावर घ्या. दोन दिशांतला फरक म्हणजे क्रँक लंबगोल झालाय, दोन टोकांतला फरक म्हणजे निमुळता. पॉलिशवर भागतंय की पहिल्या साईजला न्यायचंय, म्हणजे घासून ०.२५ मिलिमीटर कमी करायचंय, हे त्या आकड्यांवरून ठरतं. पुढच्या साईजा ०.५० आणि ०.७५. बेअरिंग त्याच साईजची मिळते का ते ग्राइंडिंगच्या आधी विचारा. उलटं करून बसलेले लोक आहेत. काही क्रँकना वरून कडक थर दिलेला असतो, तो ग्राइंडिंगमध्ये निघून जातो आणि कंपनी परवानगीच देत नाही. तिथं नवा क्रँक, दुसरा रस्ता नाही.

ग्राइंडिंग झाल्यावर क्रँकमधली तेलाची भोकं तार आणि हवेनं साफ करून घ्या. आत राहिलेला एमरीचा बुकणा नवं बेअरिंग पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये खातो.

२०१९च्या ऑगस्टच्या पुरात यमगर्णी, निपाणीकडच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचं प्रकरण थोडं वेगळं होतं. तेल दुधाळ झालेलं मालकांनी बदललं, पण सीलखालच्या जागेवर गंज धरला होता आणि गळती काही महिन्यांनी सुरू झाली. पुराची गाडी घेणार असाल तर हे लक्षात ठेवा. पुण्याला असलेल्या पोरांच्या गावाकडच्या गाड्यांचंही तसंच. गणपतीपासून दिवाळीपर्यंत पत्र्याखाली उभी, ओठ वाळून चिकटलेलं, दिवाळीत चालू केली की फाटतं. घरच्यांना पंधरवड्यातून एकदा गाडी तापेपर्यंत फिरवून आणायला सांगा.

काम करून गाडी घरी आली की तोच पुठ्ठा परत खाली घाला. पहिले दोन दिवस बेल हाऊसिंगमध्ये उरलेलं जुनं तेल एक-दोन थेंब टिपकतं, लगेच भांडायला येऊ नका. दोनशे किलोमीटरनंतर डिपस्टिक बघा आणि हातमोजा परत लावून बघा. त्यानंतरही ताजा थेंब पडत असेल तर पुठ्ठ्यासकट गाडी घेऊन या, आणि मिस्त्रीला आधी ब्रीदर उघडायला लावा.